ताटाला काठ हवा

रात्रीचे साडेदहा वाजलेत आणि दुपारचा राग अजून उतरला नाही, म्हणून लिहिते. लांबलंय. वाचायचं तर वाचा.

भाच्यानं जुळे सोलापुरात फ्लॅट घेतलाय. वास्तुशांतीला केटरर होता, त्यामुळे घरच्या माणसांना म्हणून आज रविवारी वेगळं बोलावलं होतं. आम्ही बाराजण. बेत अगदी आपला: ज्वारीची भाकरी, बाजार आमटी, भरली वांगी, शेंगाची चटणी, दही, कांदा. माझे मामाही आले होते. वय ८१, वरचे दात नाहीत, तीन मजले हळूहळू चढून आले कारण लिफ्ट बंद होती. बाजार आमटी आहे म्हटल्यावर सकाळी नाष्टासुद्धा केला नव्हता त्यांनी.

टेबल सुंदर मांडलं होतं, ते कबूल. पांढरं कापड, मधे फुलं. आणि ताटं काळी, चौकोनी, मॅट का काय म्हणतात तसली. सपाट. कडेला काठ म्हणून काही नाही. घरात बसवलेली फरशी उचलून समोर ठेवावी तशी.

मामांची जेवायची रीत आम्हाला सगळ्यांना पाठ आहे. आधी भाकरी बारीक चुरायची, दोन्ही हातांनी. मग चुऱ्यात बोटांनी आळं करायचं. मग म्हणायचं, "हं, घाल." त्या आळ्यात आमटी पडते, कडेनं थोडी फिरते, काठाला टेकते आणि परत चुऱ्यात मुरते. काठाला टेकते, हे लक्षात घ्या.

आज ती टेकली नाही. ओतल्याबरोबर सुटली ती थेट कापडावर, तिथून मामांच्या धोतरावर. लाल तर्री. मामा दोन्ही हातांनी अडवत होते आणि म्हणत होते, "आमटी पळलालीय की गं पोरी, आमटी पळलालीय." दोघं-तिघं हसले. कुणीतरी एक छोटा बोल पुढं केला, "मामा, ह्यात घ्या, चमच्यानं." त्या बोलात अर्धी भाकरीसुद्धा मावली नसती. मामांनी चार घास खाल्ले, हात धुतले आणि म्हणाले, "भरलं पोट." चुरलेली दीड भाकरी ताटात तशीच राहिली.

अन्न टाकणारा माणूस नाही तो. गिरणीत तीस वर्षं काढली, भोंग्याच्या आत जेवण उरकलं, पण ताटात कधी शीत ठेवलं नाही. तो माणूस आज अर्धपोटी उठला, आणि तेही कशापायी? ताटाला दोन बोटं काठ नाही म्हणून.

मला सांगा, आपण भांडी घेतो ती कुणासाठी? फोटोसाठी? हल्ली ते रील बघून बघून सगळ्यांची स्वयंपाकघरं एकसारखी व्हायला लागलीत. तीच काळी-करडी ताटं, तीच लाकडी पाटी, तेच सोनेरी काटे-चमचे. ज्या ताटात पास्ता वाढतात त्या ताटात आपली आमटी कशी थांबेल? त्यांचं जेवण कोरडं किंवा दाट. आपलं पातळ, आणि ते भाकरीनं टिपून नाहीतर कुस्करून खायचं. ताट ह्या खाण्यावरून ठरायला हवं की नको? आधी ताट घ्यायचं आणि मग म्हाताऱ्या माणसाला सांगायचं की तुमची जेवायची रीत बदला!

आता पाण्याचं बोलते. आपल्या गावात नळाला पाणी चार-पाच दिवसांआड. तुम्ही-आम्ही पिंपं, टाक्या, घागरी भरून ठेवणारी माणसं. उजनी धरण भरलेलं असलं तरी आपल्या घरात पाणी मोजूनच वापरायचं. जेवण झाल्यावर मी भाचेसुनेबरोबर सिंकपाशी उभी होते. त्या खरबरीत काळ्या ताटावरून तेल सुटता सुटेना. स्टीलचं ताट एका हातानं घासून तांब्याभर पाण्यात निघतं, ह्याला प्रत्येकी तीन-तीन तांबे. वर बोअरचं जड पाणी, वाळल्यावर काळ्यावर पांढरे डाग. मग परत फडक्यानं पूस. आणि वजन! एकावर एक चार ठेवली तर उचलताना मनगट दुखतं. मांडणीत उभी राहत नाहीत, आडवी ठेवली तर ओरखडे. सोलापुरातल्या घरात हे भांडं नांदणार कसं?

तरी दिसायला चांगली होती. होती, नाही म्हणत नाही.

भाकरीचं पण असंच. भाचेसुनेकडं तवा नॉनस्टिक. भाकऱ्या पोळी-भाकरी केंद्रातून आणल्या होत्या. त्यात मला काही वावगं वाटत नाही, नोकरी करून बाराजणांच्या भाकऱ्या थापायच्या म्हणजे खायचं काम नाही. पण म्हणाली, "आत्या, घरी केली तर फुगतच नाही." कशी फुगेल? भाकरीला तवा सणसणीत तापायला लागतो, वर पाण्याचा हात फिरवायचा आणि मग उलटून थेट जाळावर टाकायची. नॉनस्टिकचा जो थर असतो तो २६० अंशांच्या पुढं तापवू नये, रिकामा तर अजिबात ठेवू नये, त्याला लोखंडी उलथणं लावू नये. म्हणजे भाकरीला जे जे लागतं ते सगळं त्याला वर्ज्य. डोसा, धिरडं, अंडं ह्यांना तो चांगला, तेल कमी लागतं, माझ्याकडंही एक आहे. पण भाकरीला लोखंडी किंवा बिडाचा. माझा तवा गड्ड्याच्या जत्रेतून आणलेला आहे, सतरा-अठरा वर्षांपूर्वी. पहिले पंधरा दिवस रोज कांदा घासून आणि तेल पाजून तयार केला, आता काळाभोर गुळगुळीत झालाय. त्याला ना कंपनी ना खोका, आणि माझ्यामागं सुनेला तो द्यायचा हे ठरलेलं आहे.

आणि भाकऱ्या कशात ठेवल्या होत्या? हॉटपॉटमध्ये. गरम भाकरी झाकणबंद ठेवली की वाफ धरते आणि खालच्या दोन ओल्या चिकट होतात. बांबूची दुरडी आणि त्यात सुती फडकं, एवढं लागतं. दिसायलाही किती देखणी! पाहुण्यांसमोर ठेवायला त्याच्याइतकं शोभिवंत मला दुसरं काही वाटत नाही. पण आपलं आहे ना, म्हणून शोभेचं वाटत नाही कुणाला.

मधल्या मारुतीजवळच्या एका दुकानात मी मागच्या वर्षी सुनेबरोबर पातेली घ्यायला गेले होते. तो म्हातारा दुकानदार स्टीलवर हाताच्या मागच्या बाजूनं टिचकी मारून दाखवत होता. म्हणाला, बाई, लोक चुंबक घेऊन येतात, चिकटलं नाही तर चांगलं स्टील म्हणतात. पण ते २०० सिरीजचं स्वस्त स्टील असतं ना, निकेल कमी आणि मँगनीज जास्त घातलेलं, त्यालाही बऱ्याच वेळा चुंबक चिकटत नाही. म्हणून शिक्का बघायचा: ३०४, म्हणजे १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल. चिंच-आमसूल, लोणचं, मीठ सगळं झेलतं. आणि इंडक्शनवर ठेवायचं असेल तर उलट बुडाला चुंबक चिकटायलाच हवं. नुसतं पातळ स्टील बुडाशी लागतं, दूध करपतं, कारण स्टीलमधून उष्णता सगळीकडं सारखी पसरत नाही. म्हणून पोटात ॲल्युमिनियमचा थर असलेलं घ्यायचं, ट्रायप्लाय म्हणतात ते. महाग आहे. पण एक पातेलं घ्या, सहा घेऊ नका. एवढं सगळं सांगून तो म्हणाला, "आणि घरी जाऊन झाकण बसतंय का बघा, नाहीतर परत आणा." असा दुकानदार असावा.

त्याला मी ताटाचं विचारलं होतं. तो म्हणाला, काठाची ताटं आहेत, पण पोरी मागत नाहीत.

मामांचा तो हात माझ्या डोळ्यासमोरून जात नाही. आमटी अडवताना दोन्ही तळवे ताटाच्या कडेला उभे लावले होते त्यांनी. म्हणजे स्वतःच्या हाताचा काठ केला होता हो!

बरं, आता थोडं शांतपणे लिहिते. संध्याकाळी भाचेसुनेचा फोन आला होता. "आत्या, मामाआजोबा रागावले का?" मी तुटकच बोलले, म्हटलं, "ते कशाला रागावतील." मग ती रडायलाच लागली. म्हणाली, तीन महिने थोडे थोडे पैसे बाजूला ठेवून घेतली ती ताटं. माहेरचं स्टीलचं आहे सगळं, संक्रांतीच्या वाणात आलेल्या वाट्या, एकीला दुसरीचा जोड नाही, कुणाचं तरी नाव टाकलेली ताटं. एकदा तरी आपल्या घरात सगळं एकसारखं, आपण निवडलेलं असावं असं वाटलं तिला. "काठाचं लक्षातच आलं नाही, आत्या."

तिचं काय चुकलं? एकसारखं मांडलेलं टेबल मलाही आवडतं. पाहुणा आला की घरातली चांगली भांडी काढावीत ही तर आपलीच शिकवण. तिनं मनापासून केलं. कुणी तिला सांगितलं नाही की ताट घेताना आधी बोट लावून काठ मोजायचा, मग रंग बघायचा. सांगायला हवं होतं मी. दुकानात तिच्याबरोबर मी गेले नाही, घरी बसून नावं ठेवते आहे.

आणि एक गोष्ट लिहू की नको असं मघापासून चाललंय. लिहितेच.

आमच्या आईकडं सहा पितळ्या होत्या. नव्या पोरांना माहीत नसेल: पितळी म्हणजे पितळेचं खोलगट ताट, दोन-अडीच बोटं उभा काठ, वरची कड बाहेर किंचित वळलेली, म्हणजे धरायला बोट बसतं. भाकरी कुस्करून खाणाऱ्यांसाठीच जणू कुणीतरी बसून विचार करून घडवलेली. मामांनी गिरणीच्या पहिल्या बोनसमधून भाऊबीजेला आईला घातल्या होत्या. मागं ठिपक्या-ठिपक्यांनी आईचं नाव आणि खाली "भावाकडून". आई गेल्यावर त्या माझ्याकडं आल्या. आणि २०११ च्या दिवाळीत मी त्यातल्या पाच मोडीत घातल्या. पैसे नडले होते असं नाही. मला मेलामाइनचा फुलाफुलांचा डिनर सेट हवा होता. त्याची फुलं चार वर्षांत पुसली, मायक्रोवेव्हमध्ये चालत नाही ते कळेपर्यंत दोन ताटांना चिरा गेल्या, शेवटी सेट कुठं गेला आठवतसुद्धा नाही. मामांनी पितळ्यांचं कधी विचारलं नाही. आमच्याकडं जेवायला आले की मी त्यांना स्टीलच्या परातीत वाढते, ते काही बोलत नाहीत.

म्हणजे आज दुपारी मी ज्या पोरीवर मनातल्या मनात डाफरत होते, तिनं केलं ते मी तिच्या आधी केलंय. तिनं निदान काही विकलं नव्हतं.

जुनं ते सगळं चांगलं असंही मी म्हणणार नाही. पितळेत आंबट काही ठेवलं आणि कल्हई, म्हणजे आतला कथलाचा मुलामा, गेलेली असली की पदार्थ कळकतो. आई ताकाचं भांडं कधी पितळेचं घ्यायची नाही. कल्हई करून घ्यायचा खटाटोप असतो, चिंच लावून घासायचा वेगळा. नोकरी करणाऱ्या बाईला रोज पितळ घास म्हणणारी मी कोण? रोजच्याला काठाचं स्टीलचं ताट घ्यावं, जाड, खणांचं असलं तरी चालेल, पण काठ हवा. आणि पातळासाठी ओगराळं खोल हवं. त्या चपट्या डावानं आज अर्धी आमटी वाटेतच सांडत होती, तेही मामांच्या बाजूला.

फोन ठेवल्यावर मी माळ्यावर चढले. पिंपाच्या मागं, जुन्या सोलापुरी चादरीत गुंडाळलेली सहावी पितळी सापडली. उरली ती एवढ्यासाठीच की तेव्हा ती देवघरात फुलांना वापरात होती. आता काळी पडलीय. मागचं नाव बोटाला लागतं, डोळ्याला नीट दिसत नाही. आतली कल्हई जागोजागी गेलीय, पिवळं पितळ उघडं पडलंय. अशी आमटीला चालणार नाही, बाजार आमटीत आंबट असतंच.

आमच्या लहानपणी कल्हईवाला बोळात येऊन भाता लावायचा. भांडं तापलं की नवसागराची पूड टाकायचा, पांढरा धूर आणि नाकात झोंबणारा वास, मग कथलाची कांडी टेकवायचा आणि कापसाच्या बोळ्यानं एका फिरक्यात सगळं आतून रुपेरी. कथील २३२ अंशांनाच वितळतं, म्हणून आई ओरडायची, कल्हईचं रिकामं भांडं चुलीवर ठेवू नका गं. तो माणूस आमच्याकडं यायचा बंद होऊन किती वर्षं झाली कुणास ठाऊक.

येत्या रविवारी मामांना आणि भाचा-भाचेसुनेला माझ्याकडं बोलावलंय. भाचेसून म्हणाली, भाकरी मी थापते, तुमच्या तव्यावर. त्याच्या आधी पितळीला कल्हई करून हवी आहे. सोलापुरात, नाहीतर जवळपास बार्शी, पंढरपूर, अक्कलकोटकडं कुणी अजून हे काम करत असेल तर पत्ता सांगा. शनिवारपर्यंत मिळाली पाहिजे.