माझा सुरेख मणका

गेल्या मंगळवारपासून माझे कंबरदुखणे अधिकृतरीत्या अस्तित्वात नाही. एक्स-रेमध्ये सगळे मणके शिस्तीत उभे असल्याचे पाहून डॉक्टरांनी 'तुमचा त्रास मानसिक आहे' असे सांगितले, आणि ज्या सुरात सांगितले त्यावरून 'मानसिक' हा 'खोटारडा' या शब्दाचा सभ्य पर्याय असावा.

बाहेर बाकावर बसलो, तोच शेजारच्या गृहस्थांनी माझा एक्स-रे न विचारता उपसून दिव्यासमोर धरला. "वा! काय सुरेख मणका आहे हो!" असे म्हणून त्यांनी स्वतःचा माझ्या हाती दिला. त्यातला मणका उभ्याउभ्याच अंगावर आल्यासारखा वाकडा होता. "फार दुखत असेल," मी म्हणालो. "छे! कधीच नाही. नोकरीच्या तपासणीत सापडला. तेव्हापासून घरचे मला बादली उचलू देत नाहीत." मग ते जवळ सरकले. "असं बघा, तुमचं दुखणं आणि माझा फोटो मिळून एक रीतसर पेशंट होतो. अदलाबदल करू या का? अडचण फक्त नावाची." आणि ते खरोखरच कोपऱ्यातले नाव नखाने खरवडू लागले. सांगायला लाज वाटते, पण मी त्यांना लगेच थांबवले नाही.

सांख्य या प्राचीन दर्शनाच्या दृष्टान्तात पांगळा पुरुष (म्हणजे चैतन्य) आंधळ्या प्रकृतीच्या (म्हणजे जड सृष्टीच्या) खांद्यावर बसतो आणि दोघांची वाट निभते. आमची जोडी त्याच घराण्यातली. शिवाय सांख्यमतात मन हेही प्रकृतीचेच अपत्य, म्हणजे हाडांचे भाऊबंद. तेव्हा दुखणे मनात आहे म्हटल्याने ते नाहीसे कसे होते, हे मला कोणी सांगितले नाही.

बोहेमियाच्या राजकन्या एलिझाबेथनेही १६४३ मध्ये फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्तला पत्राने विचारले होते, की ज्या आत्म्याला लांबीरुंदीच नाही, तो शरीराला हलवतो कसा? आत्मा आणि शरीर यांची जोड विचाराने नव्हे, तर रोजच्या जगण्यातून कळते, आणि शुद्ध तत्त्वचिंतनाला वर्षाकाठी थोडे तास पुरेत, असे त्याने कळवले. पुढे १६४५ मध्ये तिला बारीक ताप आणि कोरडा खोकला लागला, तेव्हा मात्र याच तत्त्वज्ञाने दूर बसून, तिची नाडीही न पाहता, अशा तापाचे नेहमीचे कारण दुःख असते, असे निदान केले. मन शरीराला कसे धरते हे सांगता येईना, पण धरले आहे याची खात्री पक्की! तिला निदान सविस्तर पत्र तरी आले. मला 'आनंदी राहा' एवढ्यावर वाटेला लावले गेले.

गृहस्थ आत गेले ते ताठ चालीने, आणि बाहेर आले ते कंबरेला पट्टा बांधून, एक हात त्यावर ठेवून. "एवढं वाकडं असताना दुखायलाच हवं, म्हणाले," ते काहीशा अभिमानाने म्हणाले, "आणि खरंच, आता जाणवू लागलंय." मी त्यांच्याकडे निव्वळ हेव्याने पाहिले, आणि माझा सुरेख मणका दोन हप्त्यांत बाकावरून उठवला.