अरन बेटांची केबल वीण आणि बुडालेले कोळी

केबल विणीच्या, म्हणजे दोरासारखा पीळ दिसणाऱ्या विणीच्या, मफलरच्या फोटोसोबत एक मजकूर फिरतोय: आयर्लंडच्या अरन बेटांवर प्रत्येक घराण्याची वीण वेगळी, बुडालेल्या कोळ्याचं प्रेत तिच्यावरूनच ओळखत. हे खरं नाही. ही वीण तिथे रुजली विसाव्या शतकाच्या सुरुवातीला, आणि बायका एकमेकींचे नमुने सर्रास उचलत. कहाणीचं मूळ बहुधा १९०४ साली रंगभूमीवर आलेल्या, आयरिश नाटककार सिंजच्या ‘रायडर्स टू द सी’ या नाटकात आहे. तिथे बहीण बुडालेल्या भावाला ओळखते ती मोज्यावरून, टाके मोजून! केबलचा संबंधच नाही. केबल म्हणजे तीन टाके जादा सुईवर पुढे धरायचे, नंतरचे तीन आधी विणायचे. ही कसली घराण्याची मिरास? ‘घराण्याची वीण’ म्हटलं की स्वेटर मात्र महाग विकता येतो.