‘मोल म्हणजे वजन, सूत्र घोका आणि सोडा’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

अकरावी सायन्सच्या पालकांच्या ग्रुपांवर एक मेसेज नाशिकभर फिरतोय. त्याचा मथितार्थ असा: मोल म्हणजे पदार्थाचं वजन. समीकरणातले आकडे म्हणजे वजनाचं प्रमाण. वायू असला की मोलला २२.४ ने गुणा. ॲव्होगॅड्रोने मोजलेला आकडा पाठ करा. बाकी समजून घेण्यासारखं काही नाही, कारण परीक्षेनंतर हे कुणाच्या कामाला येत नाही.

मी अकरावी-बारावीला रसायनशास्त्र शिकवतो. यातलं एकही विधान धड नाही, आणि शेवटचं तर नाशिक जिल्ह्यात बसून करणं म्हणजे कमाल आहे.

मोल हे संख्येचं माप आहे. २०१९ पासून व्याख्याच अशी आहे: एका मोलमध्ये नेमके ६.०२२१४०७६ गुणिले १० चा २३ वा घात इतके कण. तिथे ग्रॅमचं नावही नाही. ग्रॅम येतात ते मोलर वस्तुमानात, एका मोलचं वजन सांगायला. पाण्याचं १८, मिठाचं ५८.५. हार्डवेअरच्या दुकानात खिळे कुणी मोजत बसत नाही, तोलून देतात; एका खिळ्याचं वजन ठाऊक असलं की किलोवरून नग निघतात. मोलर वस्तुमानाचं काम एवढंच.

हे डोक्यात नसलं की पुढची चूक आपोआप होते. अमोनियाच्या समीकरणात एक नायट्रोजन आणि तीन हायड्रोजन दिसले की पोरं १ ग्रॅमला ३ ग्रॅम लावून मोकळी होतात. ते १ आणि ३ मोल आहेत हो! नायट्रोजन वायूचा मोल २८ ग्रॅमचा, हायड्रोजनचा २ ग्रॅमचा, म्हणून वजनात २८ ग्रॅम नायट्रोजनला ६ ग्रॅम हायड्रोजन पुरतो. तिप्पट सोडाच, पाव हिस्साही नाही.

२२.४ लिटर हा आकडा शून्य अंश सेल्सिअस आणि एक ॲटमॉस्फिअर दाबाचा. नाशिक समुद्रसपाटीपासून साधारण ६०० मीटरवर, त्यामुळे हवेचा दाबच कमी. थंडीत निफाडला पारा शून्याजवळ उतरतो, त्या पहाटेसुद्धा एक मोल वायू २४ लिटरच्या आसपास जागा घेईल. २५ अंशाला २६ लिटर. आणि पाण्याला हाच आकडा लावणाऱ्यांनी लक्षात घ्यावं, एक मोल पाणी १८ मिलिलिटर भरतं, दोन घोटही नाही.

ॲव्होगॅड्रोने काही मोजलं नव्हतं. सारख्या तापमानाला आणि दाबाला सारख्या आकारमानाच्या वायूंत रेणू सारखेच असतात, एवढंच त्याने १८११ मध्ये मांडलं. किती, हे त्याला माहीत नव्हतं. एका मोलमधल्या कणांच्या त्या आकड्याला त्याचं नाव दिलं ते फ्रेंच शास्त्रज्ञ ज्याँ पेरँ यांनी, १९०९ मध्ये.

राहिलं ‘कामाला येत नाही’. पिंपळगाव बसवंतच्या एखाद्या कृषी सेवा केंद्रात जाऊन ‘शून्य बावन्न चौतीस’ खताची पिशवी बघा. हे आकडे म्हणजे नत्र (नायट्रोजन), स्फुरद (फॉस्फरस) आणि पालाश (पोटॅशियम) यांचे टक्के. द्राक्षबागेत हे ड्रिपमधून सोडतात, फवारतातही. आत एकच क्षार: मोनो पोटॅशियम फॉस्फेट. पोटॅशियम ३९, दोन हायड्रोजनचे २, फॉस्फरस ३१, चार ऑक्सिजनचे ६४, बेरीज १३६. खतांच्या व्यवहारात स्फुरद फॉस्फरस पेंटॉक्साइडच्या आणि पालाश पोटॅशियम ऑक्साइडच्या हिशेबाने सांगतात. हे दोन्ही पदार्थ पिशवीत नसतात, ही जुनी रीत आहे. आता क्षाराचे दोन मोल घ्या, २७२ ग्रॅम. कागदावर त्यातून एक मोल पेंटॉक्साइड निघतं, १४२ ग्रॅम. एक मोल पोटॅशियम ऑक्साइड, ९४ ग्रॅम. उरले ३६, म्हणजे दोन मोल पाणी. १४२ भागिले २७२, बावन्न टक्के. ९४ भागिले २७२, चौतीस आणि वर थोडं. आणि बावन्न वाचून अर्धी पिशवी फॉस्फरस आहे असं समजू नका. खुद्द फॉस्फरस १३६ मध्ये ३१, म्हणजे २३ टक्क्यांच्या आतच.

बुरशीवर फवारतात त्या बोर्डो मिश्रणातल्या मोरचूदाचंही (कॉपर सल्फेट) तसंच. निळ्या खड्याचं मोलर वस्तुमान २५० च्या घरात, त्यात पाण्याच्या पाच रेणूंचे ९०. किलोभर मोरचूदात ३६० ग्रॅम नुसतं पाणी, तांबं जेमतेम २५५ ग्रॅम.

‘तेरा शून्य पंचेचाळीस’ म्हणजे पोटॅशियम नायट्रेट, मोलर वस्तुमान १०१. मेसेज पुढे ढकलणाऱ्या बागायतदार पालकांनी तेवढा हिशेब मुलाकडून करून घ्यावा. नत्र आणि पालाश दोन्ही पिशवीवरच्या आकड्यापेक्षा किंचित जास्त येतील. तिथे छापलेला असतो तो हमीचा किमान आकडा.