‘आज अगदी शांत आहेत’

आईच्या खुब्याच्या ऑपरेशननंतरचा तिसरा दिवस. सकाळी 9 वाजता गेले, तर ती छताकडे बघत पडलेली. हाक मारली तर नुसतं ‘हं’. बोटं मात्र चादरीचा काठ सारखी चिमटीत धरत होती, सोडत होती.

‘आज अगदी शांत आहेत, काही त्रास नाही,’ सिस्टर म्हणाल्या. मी म्हटलं, माझी आई अशी नसते हो, काल रात्री तिने मला गोळ्यांच्या वेळांवरून झापलंय. ‘वयामुळे होतं,’ एवढंच उत्तर.

संध्याकाळी एका तरुण डॉक्टरने तिला डिसेंबरपासून उलटे महिने म्हणायला सांगितले. ‘डिसेंबर, नोव्हेंबर... नोव्हेंबर...’ पुढे जाईचना. जन्मभर तोंडी हिशेब करणारी बाई! मग त्याने ओटीपोट चाचपलं. लघवीची नळी काढल्यापासून लघवी तुंबली होती. त्यात रात्रीची झोपेची गोळी. कानाचं मशीन तर ऑपरेशनपासून ड्रॉवरमध्येच.

हा डिलिरियम, म्हणजे आजारपणात अचानक उडणारा मेंदूचा गोंधळ. आपण ‘वात झाला’ म्हणतो, पण वात म्हटलं की बरळणारा, सलाइन उपटणारा पेशंट डोळ्यांपुढे येतो. त्याच्याकडे सगळे धावतात. गप्प, पेंगुळलेला डिलिरियम म्हाताऱ्या माणसांत भरपूर दिसतो आणि नेमका तोच नजरेतून सुटतो. डिमेन्शिया, म्हणजे स्मृतिभ्रंश, महिन्यांत, वर्षांत वाढतो. हा तासा-दिवसांत येतो, दिवसभर कमीजास्त होतो. सकाळच्या राउंडला ठीक वाटलेलं माणूस रात्री मुलांना ओळखत नाही. आणि मागे बहुतेक वेळा काहीतरी सापडतं: इन्फेक्शन, कमी झालेलं सोडियम किंवा ऑक्सिजन, वेदना, बद्धकोष्ठता, एखादं औषध.

ते ओळखायला यंत्र लागत नाही. ‘फोर ए टी’ ही चाचणी दोनेक मिनिटांची. पेशंट किती जागा आहे ते बघायचं, वय, जन्मतारीख, ठिकाण, साल विचारायचं, उलटे महिने म्हणून घ्यायचे. चौथा मुद्दा: हा बदल अचानक झालाय का, कमीजास्त होतोय का? एकूण 4 किंवा जास्त गुण आले तर डिलिरियमची शक्यता धरतात, आणि नुसत्या या चौथ्या मुद्द्यावरही 4 गुण होऊ शकतात. त्याचं उत्तर घरच्या माणसाइतकं कुणाला ठाऊक असणार? म्हणून माझं ठाम म्हणणं आहे की ‘हे नेहमीसारखे नाहीत’ हे नातेवाइकाचं वाक्य तापाच्या आकड्यासारखं लगेच लिहून घेतलं पाहिजे. आणि घरच्यांनो, ‘उगाच कशाला बोला’ म्हणून गप्प बसू नका.

नळी परत घातली, गोळी बंद झाली, मशीन कानात गेलं. आईला पुरतं ताळ्यावर यायला 9 दिवस लागले. माझं सकाळचं वाक्य केसपेपरवर चढलं तेव्हा संध्याकाळचे 6 वाजून गेले होते.