‘घरच्या जेवणाला काटा लागत नाही’ : एका फिरत्या मेसेजला उत्तर

वजन कमी करू पाहणाऱ्यांच्या ग्रुपांवर एक मजकूर सतत फिरतो. त्याचा सारांश असा: स्वयंपाकघरात वजनकाटा हे परदेशी खूळ आहे. आपलं जेवण वाटी-चमच्याचं. पोळी ७० कॅलरी, वाटीभर वरण १००, वाटीभर भाजी १००, एवढं पाठ केलं की झालं. एका कढईतली भाजी चौघांत वाटली जाते, ती मोजणार कशी? कॅलरीचे आकडेच अंदाजे, तर ग्रॅमचा हिशेब कशाला? शिवाय स्वस्त काटे खोटं दाखवतात, आणि आकड्यांच्या नादाने खाण्याची भीती बसते.

वाटीपासून सुरुवात करू. घरातल्या सगळ्या वाट्या काठोकाठ पाण्याने भरून काट्यावर ठेवा आणि रिकाम्या वाटीचं वजन वजा करा. जितके ग्रॅम, तितके मिलिलिटर. एकाच घरात १०० पासून २०० पर्यंतच्या वाट्या निघतात. शिवाय वाटी जागा मोजते, वजन नाही. एकाच वाटीत पातळ पोहे भरा आणि मग दाण्याचं कूट भरा. कुटाचं वजन दुपटीहून जास्त भरेल, आणि कुटाच्या प्रत्येक ग्रॅममध्ये कॅलरीही जास्त. वरणाचं तर विचारूच नका, ते कालच्यापेक्षा आज पातळ असतं.

७० कॅलरींची पोळी असू शकते: २० ग्रॅम कणकेचा, तेल-तूप न लावलेला फुलका. घडीची पोळी वेगळी. ३०० ग्रॅम पीठ मळून गोळा ५०० ग्रॅम झाला, तर ४५ ग्रॅमच्या उंड्यात २७ ग्रॅम पीठ येतं. १०० ग्रॅम पिठाला ३४० धरले तर ९२ कॅलरी. घडीत आणि वरून मिळून ३ ग्रॅम तेल लागलं की आणखी २७. म्हणजे १२० च्या आसपास. दिवसाला सहा पोळ्या खाणाऱ्याचा हिशेब इथेच ३०० कॅलरींनी चुकला. रोज उंडे तोलायची गरज नाही. एकदा आपल्या हाताचा उंडा किती ग्रॅमचा होतो ते पाहून ठेवा.

मेसेजातलं खरं भगदाड तेलाचं आहे, कारण त्यात तेलाला आकडाच दिलेला नाही. तेलाच्या एका ग्रॅमला ९ कॅलरी. १५ मिलिलिटरचा मोठा चमचा म्हणजे साधारण १४ ग्रॅम, सव्वाशे कॅलरी. ‘दोन पळ्या’ म्हणजे किती, ते पळीवर आणि हातावर अवलंबून. मोजायची पद्धत सोपी आहे: तेलाची किटली काट्यावर ठेवून शून्य करा, फोडणीला तेल ओता, किटली परत ठेवा. समजा काटा उणे २३ दाखवतो. तेवढे ग्रॅम गेले. भांडं तेलकट होत नाही आणि चमचाही लागत नाही. तळणासाठी कढई तेलासकट आधी आणि थंड झाल्यावर नंतर तोला, फरक पदार्थात गेला असं धरा. एक सापळा: एक लिटर तेलाचं वजन सुमारे ९१० ग्रॅम असतं, मिलिलिटरला ग्रॅम समजू नका.

आता एका कढईचा प्रश्न. हे न जमणारं काम आहे असं सांगितलं जातं, पण इथेच काटा सगळ्यात उपयोगी पडतो. रिकाम्या पातेल्याचं वजन एकदा करून फ्रिजवर चिकटवून ठेवा; समजा ६४० ग्रॅम. आमटीत जे जे जातं ते कच्चं तोलायचं: तूरडाळ १५० ग्रॅम (सुमारे ४९५ कॅलरी), तेल २० (१८०), गूळ १५ (५७), ओलं खोबरं २० (७०). एकूण ८००. हळद, मीठ, कोथिंबीर, पाणी सोडून द्या. आमटी झाल्यावर पातेलं १८४० ग्रॅम भरलं, म्हणजे आमटी १२००. शंभर ग्रॅमला ६७ कॅलरी. आता आपली वाटी काट्यावर ठेवून शून्य करा आणि वाढा. १८० ग्रॅम आली तर १२०. घरातल्या इतरांनी किती घेतलं याच्याशी आपला संबंध नाही.

यात बिघडतं ते असं. वरचा तवंग एकाच्या वाटीत जातो, म्हणून ढवळून वाढा. संध्याकाळी आमटी गरम करताना पाणी आटतं किंवा घातलं जातं. मग शंभर ग्रॅमचा आकडा बदलतो, तेव्हा उरलेली पुन्हा तोला. गरम पातेलं थेट काट्यावर नको, आधी लाकडी पाट ठेवून शून्य करा. उष्णतेने आकडा सरकतो.

‘काट्याने मोजूनही काही फरक पडला नाही’ म्हणणाऱ्यांची बहुतेक वेळा एक चूक असते: भात शिजवून तोलला आणि आकडा कच्च्या तांदळाचा लावला, किंवा उलट. १०० ग्रॅम कच्च्या तांदळात साधारण ३५० कॅलरी, तेवढ्याच शिजलेल्या भातात १३० च्या आसपास. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचे २०१७ चे अन्नघटक तक्ते वापरत असाल तर त्यांत ऊर्जा किलोज्यूलमध्ये आहे, कॅलरीसाठी ४.१८ ने भागा.

आकडे अंदाजे असतात, हे कबूल. पण तक्त्याची चूक रोज जवळपास एकाच दिशेची असते. काही आठवडे एकाच पद्धतीने मोजून वजन हललं नाही, तर त्याच हिशेबातून रोजचे दोनशे कमी करता येतात. वाटीची चूक रोज वेगळी असते, तिच्यातून काहीच वजा करता येत नाही.

सगळंच तोलावं असं आमचंही म्हणणं नाही. मेथी, दुधी, काकडी यांत पन्नास ग्रॅमने काही अडत नाही. तेल, तूप, दाणे, खोबरं, साखर, पीठ, तांदूळ, डाळ एवढंच पुरे. आणि आकड्यांमुळे खाण्याची भीती बसते, अशा व्यक्तीने किंवा वाढीच्या वयातल्या मुलांनी काटा वापरूच नये. मेसेजातला हा एक इशारा रास्त आहे.

राहिला ‘स्वस्त काटे खोटं दाखवतात’ हा मुद्दा. दहा रुपयांची दहा नाणी ठेवा, ७७ ग्रॅमच्या आसपास यायला हवीत. एक ग्रॅमपर्यंतच दाखवणाऱ्या काट्यावर दोन-तीन ग्रॅमच्या मापाचा भरवसा धरू नका. तूप थेंबथेंब सोडलं तर बरेच काटे ती हळू वाढ शून्यातच जिरवतात. म्हणून तुपाची बरणी ठेवून उणे वजनच पाहा.