१२ ला १

सासऱ्यांना फिरायला नेणं वेगळं आणि मध्य रेल्वेच्या निवृत्त इंजिन ड्रायव्हरला फिरायला नेणं वेगळं. आमचे अण्णा एकाच तिकिटात हे दोन्ही. मँचेस्टरला आल्या आल्या म्हणाले, "ते लंडन राहू दे. आइल ऑफ मॅन बेटावर १८७४ ची रेल्वेलाइन अजून वाफेवर चालते म्हणे." बायकोला तत्काळ ऑफिसचं काम आठवलं.

इंग्लंडच्या हेशम बंदरातून बोटीने पावणेचार तास. मी ते कठड्याला धरून काढले, अण्णांनी शेंगदाणे खात.

ती लाइन म्हणजे डग्लस ते पोर्ट एरिन, साडेपंधरा मैल, तासाभराचा रस्ता. मी कुरणं बघत होतो, अण्णा घड्याळ. "दोन मिनिटं लेट." रूळ तीन फुटी, म्हणजे आपल्या माथेरानच्या गाडीपेक्षा फूटभर रुंद, हे मला चार वेळा कळलं. कॅसलटाउनला मध्ययुगीन किल्ला आहे. मी आशेने उठलो. "बसा जावईबापू, इंजिन पाणी घेईल, ते बघू." त्या किल्ल्याचा बुरूज मी खिडकीतून पाहिला. लॅक्सी गावातलं साडेबहात्तर फुटी पाणचक्र मात्र पायी जाऊन बघितलं, कारण ते १८५४ पासून खाणीतलं पाणी उपसायला होतं; अण्णांच्या मते ते यंत्र, 'साइट-सीइंग' नव्हे.

मग स्नेफेलचा डोंगर, १८९५ ची ट्राम. अण्णा थेट ड्रायव्हरमागच्या बाकावर.

"चढ किती?"

"१२ ला १," मी पाटी वाचली. म्हणजे बारा फूट पुढे गेलं की एक फूट वर.

अण्णा उभेच राहिले. "आमच्या थळ घाटात ३७ ला १, तर मागे बँकर, म्हणजे ढकलायला जादा इंजिन, लावायचो! इथे बँकर नाही?" दोन रुळांच्या मधोमध तिसरा रूळ असतो आणि ब्रेक त्याला चिमट्यासारखा पकडू शकतो, हे कळल्यावरच ते बसले. मी त्यानंतरही बसलो नव्हतो.

वरून सात राज्यं दिसतात म्हणतात: मॅन, इंग्लंड, स्कॉटलंड, आयर्लंड, वेल्स, समुद्राचं आणि स्वर्गाचं. त्या दिवशी धुकं असं, की मला अण्णाही दिसेनात. फक्त आवाज आला, "सिग्नल काहीच दिसत नाही हो. आता खाली कोण सोडणार?"

संध्याकाळी डग्लसच्या किनाऱ्यावर घोड्याची ट्राम उभी होती, १८७६ पासूनची. मला खरंच बरं वाटलं. इंजिन नाही, चढ नाही, चिमटा नाही.

अण्णा घोड्याभोवती एक फेरी मारून आले.

"जावईबापू, ह्याचा ब्रेक कुठे?"