‘काका, आधी मॅन्युअल वाचा’ म्हणणाऱ्या ऐरोलीच्या वाचकास

नमस्कार.

रोलंडच्या जेव्ही-१०८० (स्वतःच्या पट्ट्या नसलेला, कीबोर्डला जोडायचा सिंथेसायझरचा डबा) वरच्या माझ्या लेखाखालची तुमची प्रतिक्रिया मी तीनदा वाचली. पहिल्यांदा सकाळच्या चहाबरोबर वाचली, तेव्हा चहा गार झाला. इतरांसाठी तिचं सार सांगतो. तुमच्या मते मी पॉलिफनी (एका वेळी किती सूर वाजू शकतात ते) चुकीची समजावली. यंत्र जेमतेम दोन संध्याकाळ वाजवून निकाल दिला. तेही सेकंडहँड यंत्राच्या यूझर बँकेत (वापरणाऱ्याने आपले आवाज साठवायच्या जागेत) आधीच्या मालकाने भरलेले आवाज कंपनीचे समजून. आज हे सगळं लॅपटॉपवर मिळतं. आणि शेवटी तुमचं वाक्य जसंच्या तसं: ‘काका, सॅम्पलवर चालणाऱ्या डब्यात साउंड प्रोग्रॅमिंग नसतंच, असते ती प्रिसेटची निवड. आधी मॅन्युअल वाचा.’ (सॅम्पल म्हणजे मुद्रित आवाजाचा तुकडा, प्रिसेट म्हणजे कंपनीने भरून दिलेला तयार आवाज.)

आधी ‘काका’बद्दल. ठाण्यात मला रिक्षावाले काका म्हणतात, भाजीवाली म्हणते, वाईट वाटत नाही. तुमच्या ‘काका’पुढे मात्र एक स्वल्पविराम आहे, आणि त्यात काय दडलंय ते मला नीट कळतं. लेखात मी वय लिहिलेलं नाही. तुम्ही ते ओळखलंत, अभिनंदन. मॅन्युअलचं म्हणाल तर माझ्याकडे त्याची झेरॉक्स आहे, स्टेशनजवळ काढलेली, स्पायरल बाइंडिंग केलेली, आणि तिच्या समासात माझ्या पेन्सिलच्या खुणा आहेत. फोटो हवा असेल तर टाकतो.

पॉलिफनीचं तुमचं बरोबर आहे. मी ‘एका वेळी ६४ सूर’ लिहिलं, ते चुकलं. ६४ व्हॉइस आहेत. एका पॅचमध्ये, म्हणजे साठवलेल्या एका आवाजात, चार टोन (थर) असतात, आणि चारही चालू असतील तर एक पट्टी दाबली की चार व्हॉइस खर्च होतात, म्हणजे १६ सूर. पेडल दाबून स्ट्रिंग्ज वाजवले की मागचे सूर गळायला लागतात ते यामुळेच. लेखात दुरुस्ती केली आहे. चूक मान्य करण्यात मला कधीच कमीपणा वाटला नाही. (तुम्ही ‘मल्टीटिंब्रल’ दोनदा दोन वेगळ्या तऱ्हांनी लिहिलंय, पण ते मी काढत नाही.)

आता ते वाक्य.

पेटी बनवणारा कारागीर सूर, म्हणजे आतल्या धातूच्या पत्त्या, स्वतः घडवत नाही. गुजरातेतल्या पालिताण्याचे सूर विकत आणतो, घासून जुळवतो, खर्जाचा (खालच्या सप्तकाचा) आणि नराचा (त्यावरच्या सप्तकाचा) संच बसवतो, भाता बांधतो. त्याने पेटी ‘निवडली’ असं तुम्ही त्याच्या तोंडावर म्हणाल का? जेव्ही-१०८० मध्ये स्वतःचं सॅम्पल भरता येत नाही, हे मी लेखातच लिहिलं होतं. वेव्ह, म्हणजे मूळ मुद्रित आवाज, रॉममध्ये पक्क्या आहेत, फार तर एक्स्पान्शन कार्डं बसवून वाढवता येतात. पण वेव्ह म्हणजे आवाज नव्हे. प्रत्येक टोनला स्वतःचा फिल्टर आहे. पिच, फिल्टर आणि आवाजाची पातळी या तिघांना वेगवेगळं एन्व्हलप (वेळेनुसार चढउताराचा आराखडा) आहे, वर दोन एलएफओ (आवाज झुलवणाऱ्या संथ लहरी). हे एका टोनचं झालं, असे चार.

मी त्यात पेटी कशी केली ते सांगतो, मग तुम्ही ठरवा. पहिल्या टोनवर रीड जातीची एक वेव्ह, हा नर. दुसऱ्यावर तीच एक सप्तक खाली, हा खर्ज, आणि त्याचा अटॅक (सुराची सुरुवात) किंचित उशिरा, कारण खर्जाचा जाड सूर खऱ्या पेटीतही बोलायला वेळ घेतो. दोघांनाही रँडम पिच अगदी थोडा, म्हणजे प्रत्येक पट्टी नव्या हार्मोनियमसारखी गुळगुळीत लागत नाही. तिसऱ्यावर अगदी हलका नॉइज, भात्याची हवा म्हणून. आणि चौथा टोन माझा लाडका: टोन डिलेमध्ये की-ऑफ म्हणून एक प्रकार आहे, त्यात पट्टी दाबल्यावर नाही, सोडल्यावर आवाज निघतो. तिथे एक छोटी लाकडी टकटक ठेवली. पट्टी परत बसल्याची. सगळ्यात महत्त्वाचं, व्हेलॉसिटी (पट्टी किती जोरात दाबली त्याचा परिणाम) बंद केली. पेटीची पट्टी जोरात दाबली म्हणून ती जोरात वाजत नाही, तिचा जोर भात्यात असतो. म्हणून आवाजाची पातळी एक्स्प्रेशन पेडलवर दिली. यातलं नेमकं काय मी ‘निवडलं’?

शिवाय स्केल ट्यून, म्हणजे एकेक सूर किंचित वर-खाली करायची सोय. साथीला गायक काळी तीनला (तिसऱ्या काळ्या पट्टीला सा धरून) गात असेल तर त्याचा शुद्ध गंधार काळी पाचवर येतो, तो १४ सेंट (सेंट म्हणजे अर्ध्या सुराचा शंभरावा भाग) उतरवायचा. गायकाची पट्टी बदलली की आकडे पुन्हा भरायचे, दोन ओळींच्या त्या पिवळट डिस्प्लेवर, कर्सर सरकवत. कंटाळवाणं आहे, नाही म्हणत नाही. पण तंबोऱ्याशेजारी तो गंधार एकदा ऐका.

आणि प्रिसेट तरी आभाळातून पडतात का? रोलंडच्याच १९८७ च्या डी-५० सिंथेसायझरचे आवाज ज्यांनी घडवले त्यांत साउंड डिझायनर एरिक पर्सिंग होता. त्या काळी मेमरी महाग, म्हणून सॅम्पलचा फक्त सुरुवातीचा तुकडा घ्यायचा आणि पुढचा लांबलेला आवाज सिंथेसिसने करायचा, अशी ती युक्ती होती. म्हणजे सॅम्पलही होतं आणि प्रोग्रॅमिंगही होतं. तुमच्या व्याख्येत त्याला कुठे बसवायचं ते तुम्हीच सांगा.

मला अनुभवाच्या गोष्टी सांगायला आवडत नाही, पण तुम्ही वेळ आणलीत. १९९९ साली ठाण्याच्या गडकरी रंगायतनला आमच्या ऑर्केस्ट्राचा कार्यक्रम होता. सनईवाले पोहोचले नव्हते. आयोजक घामाघूम. (ते कोण होते ते सोडा, माझं त्या रात्रीचं मानधनाचं पाकीट आजही त्यांच्याकडे आहे.) उसना आणलेला जेव्ही-१०८० माझ्यासमोर. जीएमच्या (वेगवेगळ्या कंपन्यांच्या यंत्रांत सारख्या असणाऱ्या आवाजांच्या) यादीत ११२ नंबरला सनई असतेच, ती लावली असती तर झाली असती तुमची ‘निवड’. पण ती सनई ऐकून ठरलेलं लग्न मोडावं. मध्यंतराच्या पंधरा मिनिटांत मी ओबो या पाश्चात्त्य सुषिर वाद्याची वेव्ह घेतली, बँडपास फिल्टरने तिचं पोट काढलं, पिच एन्व्हलपने प्रत्येक सूर जरा खालून उचलला, एफएक्सएम नावाच्या मॉड्युलेशनने पत्तीची खरखर आणली, सोलो लेगाटो आणि पोर्टामेंटो लावून मींड जमवली. दुसऱ्या अंकात वाजवली. सनईवाले शेवटच्या गाण्याला पोहोचले, विंगेत उभे राहून ऐकलं, आणि मला म्हणाले, ‘सूर छान आहे, पण तू श्वास कुठे घेतोस?’ सनईवाल्याने कीबोर्डवाल्याला श्वासाबद्दल विचारावं, यापेक्षा मोठी पावती मला तरी मिळालेली नाही. ऐरोलीत तेव्हा तुम्ही काय करत होतात ते मला माहीत नाही, विचारतही नाही.

बाकीचे मुद्दे किरकोळ आहेत. दोन संध्याकाळी कमी वाटतात तुम्हाला, पण शितावरून भाताची परीक्षा होते. मी सगळे इफेक्ट बंद करून आवाज तपासतो, कारण परफॉर्मन्समध्ये (अनेक पॅच एकत्र वाजवायच्या मोडमध्ये) सोळा पार्ट लावले तरी ईएफएक्स, म्हणजे खास इफेक्ट, एकच मिळतो आणि इफेक्टने नटलेले पॅच तिथे उघडे पडतात. ज्याला काय ऐकायचं ते ठाऊक आहे त्याला दोन संध्याकाळी पुरतात. लॅपटॉपबद्दल मी बोलणार नाही. ऐन साउंडचेकला अपडेट घेत बसलेले लॅपटॉप मी पाहिलेत.

यूझर बँकेचा मुद्दा गौण आहे. लेखात ज्या ‘कंपनीच्या उबदार पॅड’ची (मागे लांबत राहणाऱ्या मऊ आवाजाची) मी स्तुती केली तो यूझरमध्ये होता, प्रिसेटमध्ये नव्हता, असं तुम्ही म्हणता. असेल. आवाज चांगला आहे की नाही हा प्रश्न होता, तो कोणी केला हा नव्हता. आणि तो आधीच्या मालकाने केला असेल तर त्याने तो प्रोग्रॅमच केला असणार ना? म्हणजे बघा, तुमचाच मुद्दा तुमच्यावर उलटतो. हे लिहिताना तुमच्या लक्षात आलं नसेल.

ट्रान्स-हार्बर लोकलने या एकदा, ऐरोली काही लांब नाही. पेटीचा पॅच ऐकवतो. फोन करून या, दुपारी दोन ते चार मी झोपतो, काका आहे शेवटी. पॅच यूझर ०१७ वर सेव्ह केलाय. तो उबदार पॅड तिथेच होता. १२८ च्या १२८ जागा भरलेल्या होत्या, बॅकअप काढायचा राहिला, त्यामुळे तो आता ऐकवता येणार नाही.